मुलींचे ताट आणि शिफारशीचा आकडा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रकल्प हमखास असतो : ‘किशोरवयीन मुलींच्या आहाराचे सर्वेक्षण’. जाड पुठ्ठ्यावर रंगीत स्तंभालेख, शेजारी पुठ्ठ्याच्याच ताटात मांडलेले अन्नगट, आणि टेबलामागे पाठ केलेली माहिती घडाघडा सांगणाऱ्या दोन मुली. वर्गातल्या तीस-चाळीस मुलींना ‘काल दिवसभरात काय काय खाल्ले?’ असे विचारलेले असते. उत्तरांवरून उष्मांक, प्रथिने, कॅल्शियम, लोह यांचा हिशोब काढलेला असतो. शेजारच्या रकान्यात ‘शिफारस केलेले प्रमाण’, त्याच्या शेजारी ‘कमतरता टक्के’. तळाशी निष्कर्ष : मुलींच्या आहारात लोहाची चाळीस-पन्नास टक्के कमतरता आहे, मुलींमध्ये आणि मातांमध्ये आहाराविषयी अज्ञान आहे, जनजागृतीची नितांत गरज आहे.

हाच साचा थोड्या मोठ्या नमुन्यावर, थोड्या जड भाषेत, महाविद्यालयीन प्रबंधांतूनही भेटतो. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. हे प्रकल्प करणाऱ्या मुली आणि त्यांचे शिक्षक यांच्या कष्टांबद्दलही आम्हाला आदर आहे. पण असे अनेक तक्ते पाहिल्यावर आमच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला आहे. या तक्त्यांमधून खरोखर तो निष्कर्ष निघतो का? की निष्कर्ष आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि तक्ता नंतर भरला जातो? या लेखात आपण अशा सर्वेक्षणाचा एकेक रकाना तपासून पाहू.

दाराची उंची आणि माणसाची उंची

सुरुवात ‘शिफारस केलेल्या प्रमाणा’पासून करू, कारण सर्वांत मोठी गफलत तिथेच होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारित आकडे प्रसिद्ध केले. त्यानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी लोहाचे शिफारस केलेले दैनिक प्रमाण ३० मिलिग्रॅम आहे. प्रकल्पातल्या तक्त्यात हा आकडा येतो. पण त्याच पुस्तकात त्याच वयाच्या मुलीसाठी दुसराही एक आकडा आहे : सरासरी गरज, १७ मिलिग्रॅम. हा मात्र तक्त्यात सहसा दिसत नाही.

दोन आकड्यांत एवढा फरक कसा? समान वयाच्या शंभर निरोगी मुली घेतल्या, तर प्रत्येकीची लोहाची गरज वेगळी असते. कोणाची वाढ वेगाने चाललेली असते, कोणाची पाळी सुरू झालेली नसते, कोणाचा रक्तस्राव कमी तर कोणाचा जास्त. या सगळ्यांच्या मधोमध येणारी गरज म्हणजे सरासरी गरज. ‘शिफारस’ मात्र मुद्दाम खूप वर ठेवलेली असते. ज्यांची गरज सर्वांत जास्त आहे अशा मुलींचेही भागावे, शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींना पुरेसे व्हावे, असा तो आकडा असतो. वसतिगृहाच्या किंवा शाळेच्या जेवणाचे नियोजन करताना तो उपयोगी आहे, कारण तिथे कोणाची गरज किती हे आपल्याला माहीत नसते.

घराचे दार आपण साडेसहा फूट उंच ठेवतो. उंचातल्या उंच पाहुण्यालाही वाकावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. पण म्हणून दारातून आत येणाऱ्या पाच फुटी माणसाला ‘तुमच्यात दीड फुटाची कमतरता आहे’ असे आपण सांगत नाही. आहाराच्या तक्त्यात मात्र नेमके हेच होते. दाराची उंची ही माणसाची उंची समजून वजाबाकी केली जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, चौदा वर्षांच्या एका मुलीने एका दिवसात पुढीलप्रमाणे खाल्ले : ज्वारीच्या तीन भाकरी (सुमारे १८० ग्रॅम पीठ), मेथीची भाजी (७५ ग्रॅम मेथी), ६० ग्रॅम पोहे, ३० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि ७५ ग्रॅम तांदळाचा भात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार यातले लोह स्थूलमानाने असे : भाकरीतून ७, मेथीतून ४.३, पोह्यांतून २.७, डाळीतून १.२, शेंगदाण्यांतून १ आणि भातातून अर्धा मिलिग्रॅम. एकूण जवळजवळ १७.

प्रकल्पाच्या रीतीने लिहिले, तर ३० पैकी १७ म्हणजे ५७ टक्के. ‘कमतरता ४३ टक्के.’ मुलगी घाबरेल, आई ओशाळेल. पण सरासरी गरजेशी तुलना केली तर चित्र वेगळे दिसते. रोज एवढे लोह खाणाऱ्या मुलींपैकी साधारण निम्म्या जणींची गरज भागलेली असेल, निम्म्या जणींची भागलेली नसेल. ही मुलगी कोणत्या निम्म्यात आहे? तक्त्याला ते माहीत नाही. ते कळायला रक्त तपासावे लागते.

याचा अर्थ सारे आलबेल आहे, असा नव्हे. निम्म्या मुलींची गरज न भागणे ही गंभीरच गोष्ट आहे. पण ‘प्रत्येकीत ४३ टक्के कमतरता’ आणि ‘निम्म्या जणींना अपुरे’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिले चूक आहे, दुसरे बरोबर.

हा वाद नवा नाही

शिफारशीचा किंवा सरासरीचा आकडा कुठवर ताणायचा, यावर आपल्याकडे मोठा वाद होऊन गेला आहे, आणि त्याचे एक केंद्र पुण्यातच होते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक ही त्यांनी धरलेली रेषा. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झालेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा रेषांवर आक्षेप घेतला. माणसामाणसांची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. मग सरासरीच्या खाली असणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित कसे म्हणता येईल? सरासरीच्या बऱ्याच खालीही काही माणसे निरोगी असणारच, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या बाजूने पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी तितक्याच ठामपणे बजावले की, रेषा खाली ओढली की कुपोषण कागदावरून नाहीसे होते, शरीरातून होत नाही. कमी अन्नावर जगणारे शरीर ‘जुळवून घेते’ ते स्वतःची वाढ कमी करून, काम कमी करून. त्या खुरटण्याला आरोग्य म्हणणे ही फसवणूक आहे.

दोघांचेही इशारे आपल्या प्रकल्पाला लागू पडतात. रेषा फार वर धरली तर सगळ्याच मुली आजारी ठरतात आणि खरोखर जिला उपचार हवेत ती त्या गर्दीत हरवते. रेषा फार खाली धरली तर ‘आमच्या मुली मुळातच लहानखुऱ्या’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आकडा हाती घेणाऱ्याने तो कशासाठी बनवला आहे हे विचारल्याशिवाय वापरू नये, एवढा धडा या वादातून नक्की घेता येतो.

पोह्यांतले लोह कुठे गेले?

आता ‘आहारातील प्रमाण’ हा रकाना पाहू. वरच्या उदाहरणात ६० ग्रॅम पोह्यांतून २.७ मिलिग्रॅम लोह मिळाले. पण शाळेच्या कपाटात आहाराचे जुने पुस्तक असेल, तर त्यात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेले असण्याची शक्यता आहे. २०१७ च्या तक्त्यात ते साडेचारच्या आसपास आहे. जुना आकडा घेतला तर त्याच ६० ग्रॅम पोह्यांतून १२ मिलिग्रॅम मिळतात, आणि आपल्या मुलीचे एकूण लोह १७ वरून थेट २६ वर जाते. ताट तेच, मुलगी तीच. फक्त एका पदार्थाचा एक आकडा बदलला, आणि ५७ टक्क्यांचे ८७ टक्के झाले!

पालकाचेही तसेच आहे. जुन्या पुस्तकांत १०० ग्रॅमला १०.९ मिलिग्रॅम, नव्या तक्त्यात सुमारे ३. भाजी बदलली नाही. नमुने गोळा करण्याच्या आणि मोजण्याच्या पद्धती बदलल्या. विज्ञानात हे चालायचेच. शिफारशीचा आकडाही असाच बदलतो. प्रौढ स्त्रीसाठी २०१० मध्ये लोहाची शिफारस २१ मिलिग्रॅम होती, २०२० मध्ये ती २९ झाली. दहा वर्षांत स्त्रियांच्या शरीरात काही फरक पडला नाही, गणितातली गृहीतके बदलली. तेव्हा कोणत्या वर्षीचा तक्ता वापरला हे न लिहिता टक्केवारी देणे म्हणजे एकक न लिहिता लांबी देण्यासारखे आहे. भौतिकशास्त्राच्या वहीत आपण त्याला गुण देत नाही, मग इथे का द्यावेत?

शिवाय ‘एक वाटी भाजी’, ‘दोन भाकरी’ ही मापे घरोघरी बदलतात. एका घरची भाकरी पन्नास ग्रॅम पिठाची, दुसरीकडची शंभर ग्रॅमची. आणि ‘काल काय खाल्ले’ यातला ‘काल’ कोणता? सोमवार असेल तर काल रविवार होता, काही घरांत मटणाचा वार. काल उपवास असेल तर साबुदाणा आणि चहा. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसते. एका दिवसाच्या उत्तरावरून वर्गाचा अंदाज येऊ शकेल, पण अमुक एका मुलीविषयी काहीही ठरवता येत नाही.

पोटात गेले ते रक्तात गेले असे नाही

तिसरी गोष्ट तक्त्यात मुळीच नसते, ती म्हणजे शोषण. धान्य, डाळी, भाज्या यांतले लोह शरीर फार थोडे शोषून घेते. २०२० च्या शिफारशी करताना ते ८ टक्के धरले आहे. म्हणजे १७ मिलिग्रॅम खाल्ले तर रक्तापर्यंत पोचते सव्वा मिलिग्रॅमच्या थोडे वर. पण हे ८ टक्केही सरासरीच आहेत. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला, तर त्यातल्या टॅनिनमुळे शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते वाढते. धान्यांच्या कोंड्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते. मटण, मासे, कलेजी यांतले लोह मात्र कितीतरी सहज शोषले जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शरीर स्वतःही हिशोब ठेवत असते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक आतड्यातून लोह किती आत घ्यायचे हे ठरवते. साठा कमी असला की ते कमी होते आणि शोषण वाढते. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असला की ते वाढते आणि आतड्याचे दार बंद होते. म्हणजे वारंवार आजारी पडणाऱ्या मुलीला मेथीची दुप्पट भाजी दिली तरी तिचा उपयोग मर्यादितच होतो. तिच्यासाठी स्वच्छ पाणी आणि स्वच्छ शौचालय हासुद्धा लोहाचाच कार्यक्रम आहे. आहाराच्या तक्त्यात या गोष्टींना रकाना नसतो.

रक्तक्षयाची कारणेही एकट्या लोहात संपत नाहीत. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींचे शिरेतून रक्त घेऊन तपासले गेले. त्यात ४० टक्के मुलींना आणि १८ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता मात्र ३१ टक्के मुलींत होती. मुलगे-मुली मिळून ३७ टक्के जणांत फोलेट कमी होते आणि ३१ टक्के जणांत ‘ब-१२’ जीवनसत्त्व. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलही असतो. तो अन्नातून होत नाही, आईवडिलांकडून येतो. अशा मुलीला ‘तू नीट जेवत नाहीस’ असे सांगणे म्हणजे तिच्यावर दुहेरी अन्याय करणे होय.

याच ओघात आणखी एक आकडा पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय नोंदला गेला. मुलग्यांत तो ३१ टक्के होता. महाराष्ट्रातल्या मुलींचा आकडा ५७ टक्क्यांच्या आसपास होता. मग आधीचे ४० टक्के खरे की हे ५९? वयोगट वेगळे आहेत, आणि या सर्वेक्षणात रक्त बोटाला टोचून घेतलेल्या थेंबातून मोजले जाते. त्या रीतीने मोजलेले प्रमाण शिरेतल्या रक्तापेक्षा वेगळे येऊ शकते, हे तज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. पण एक गोष्ट दोन्ही सर्वेक्षणांत सारखीच आहे : मुलींचे प्रमाण मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. मोजणीच्या चुकीने हा फरक पुसला जात नाही. खरा प्रश्न इथे आहे.

अडीच भाकरींचा हिशोब

मुलीच का? याचे उत्तर देणारे साधे गणित वर्गात करता येते, पण प्रकल्पांमध्ये ते क्वचितच दिसते.

एका पाळीत साधारण ३५ मिलिलिटर रक्त जाते असे धरू. त्याबरोबर सुमारे १५ मिलिग्रॅम लोह जाते. महिन्यावर वाटून टाकले तर रोजचे अर्धा मिलिग्रॅम. अर्धा मिलिग्रॅम शोषले जाण्यासाठी, ८ टक्क्यांच्या हिशोबाने, आहारात सहा मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह जास्तीचे हवे. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत असते सुमारे २.४. म्हणजे केवळ पाळीत गेलेले भरून काढायला रोज अडीच भाकरी जास्त!

आता घरातले चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याच वयाच्या भावापेक्षा अडीच भाकरी जास्त खाणारी मुलगी आपण कुठे पाहिली आहे का? तिला तेवढी भूकही नसते. २०२० च्याच शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज २८६० उष्मांक लागतात, मुलीला २४००. लोह मात्र मुलाला २२ मिलिग्रॅम, मुलीला ३०. भागाकार केला की दिसते : दर हजार उष्मांकांमागे मुलाच्या अन्नात पावणेआठ मिलिग्रॅम लोह असले की पुरते, मुलीच्या अन्नात ते साडेबारा हवे. म्हणजे कमी अन्नात जास्त लोह. आपल्या उदाहरणातल्या मुलीचे ताट, फोडणीचे तेल आणि चहाची साखर धरून, १७०० उष्मांकांच्या आसपास जाते. दर हजाराला १० मिलिग्रॅम. हेच अन्न तिने पोटभर, अगदी २४०० उष्मांकांपर्यंत खाल्ले, तरी लोह २४ मिलिग्रॅमच होईल.

इथे ‘चौरस आहार घ्या, सारे ठीक होईल’ हे वाक्य लंगडे पडते. भाकरी, वरण, भाजी आणि पोहे एवढ्यावर चालणारे घर, कितीही जाणते असले, तरी सर्वाधिक गरज असलेल्या मुलीला पुरेसे लोह देऊ शकेलच असे नाही. ही आईची चूक नाही, अज्ञानही नाही. हे अंकगणित आहे. शाळेत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल) याच अंकगणितामुळे आली आहे. तिची चव, मळमळ, काळी शी यांविषयी मुलींना आधीच मोकळेपणाने सांगितले, आणि ती रिकाम्या पोटी न देता जेवणानंतर दिली, तर ती कचऱ्याच्या डब्यात जाण्याचे प्रमाण कमी होईल. हे काम शिक्षकच करू शकतात.

न विचारलेल्या प्रश्नांचे निष्कर्ष

आता तळाच्या ओळीकडे येऊ : ‘आहाराविषयी अज्ञान आहे.’ सर्वेक्षणात प्रश्न काय विचारला होता? ‘काल काय खाल्ले?’ काय माहीत आहे, हे विचारलेच नव्हते. मग अज्ञान आले कुठून? पालेभाजी चांगली असते हे न जाणणारी आठवीतली मुलगी आम्हाला अजून भेटायची आहे. विज्ञानाच्या पेपरात तिने ते चार वेळा लिहिलेले असते.

मुलीने सकाळी का खाल्ले नाही? शाळा सातला भरते, पाणी भरून आणि धाकट्याचे आवरून ती निघते. डबा का संपवला नाही? कदाचित सुट्टी पंधरा मिनिटांची असेल. पाणी कमी का पिते? शाळेच्या शौचालयाला कडी नसेल. दुपारी वडापाव का खाल्ला? घरी पोचायला तीन वाजतात, आणि पंधरा-वीस रुपयांत पोट भरणारे दुसरे काही शाळेच्या फाटकाबाहेर नसते. रात्री भाजी का नव्हती? ती आईबरोबर शेवटी जेवते, आणि शेवटी पातेल्यात रस्साच उरतो. यातले एकही उत्तर ‘अज्ञान’ या रकान्यात बसत नाही. पण यांपैकी निदान दोन गोष्टी, मधली सुट्टी आणि शौचालयाची कडी, शाळेच्या हातातल्या आहेत.

आणि एक गोष्ट शासनाच्या हातातली. शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १९९५ मध्ये सुरू झाली, पुढे ती आठवीपर्यंत वाढली. सहावी ते आठवीच्या मुलांना रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे तिचे मोजमाप आहे. नववीत हे ताट बंद होते. नववीतली मुलगी चौदा वर्षांची असते. बहुतेकींची पाळी तोवर सुरू झालेली असते, लोहाची शिफारस वाढत जाऊन १६ ते १८ या वयात ३२ मिलिग्रॅमवर पोचते, आणि नेमक्या या वळणावर शाळेतली डाळ-भाजी तिच्या ताटातून निघून जाते. आहाराच्या एकाही प्रदर्शन-प्रकल्पाच्या निष्कर्षात आम्ही हे वाक्य अजून वाचलेले नाही. जागृती मुलीची करायची, की योजना आखणाऱ्यांची?

मिलिग्रॅमऐवजी वेळा मोजा

मग हे सर्वेक्षण करूच नये का? अवश्य करावे. फक्त त्यातून जे निघू शकते तेच काढावे.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा एक दीर्घ अभ्यास झाला. त्या स्त्रियांचे सरासरी वजन होते अवघे ४२ किलोच्या आसपास. त्यांनी किती उष्मांक आणि किती प्रथिने खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली याच्याशी. कालची किशोरी हीच आजची आई. तिच्या आहारात काय मोजायचे याची ही चांगली दिशा आहे, आणि शाळेला झेपणारीही आहे. ‘आठवड्यात पालेभाजी किती वेळा, फळ किती वेळा, डाळ-उसळ किती वेळा, अंडे किंवा मासे किती वेळा’ याचे उत्तर मुलगी खात्रीने देऊ शकते. ‘काल किती मिलिग्रॅम’ याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

प्रकल्प करायचाच असेल, तर आमच्या काही सूचना :

• वर्गातल्या पाच-सहा घरांतून एका भाकरीचे पीठ तराजूवर मोजून आणा. वाटीत पाणी भरून तिचे माप काढा. घरोघरचा फरक हाच पहिला निष्कर्ष असेल.

• एक दिवस नव्हे, निदान तीन दिवस नोंदवा. त्यांत एक सुट्टीचा आणि जमल्यास एक उपवासाचा असावा.

• खाण्याची वेळ लिहा, आणि घरात कोणाच्या आधी नि कोणाच्या नंतर जेवले तेही. जेवणाबरोबर चहा होता का, लिंबू होते का, याची खूण करा.

• शक्य असेल तर मुलग्यांचीही तीच नोंद घ्या. तुलनेशिवाय मुलींच्या आकड्याला अर्थ येत नाही.

• टक्केवारी काढायचीच असेल तर सरासरी गरजेशी, संपूर्ण वर्गाची काढा. तक्ता कोणत्या वर्षीचा ते लिहा. एकाही मुलीच्या नावापुढे ‘कमतरता’ असा शब्द नको.

• नोंदी बिननावाच्या ठेवा. कोणाच्या घरी काय शिजले नाही, हे वर्गासमोर वाचून दाखवू नका.

शेवटची सूचना आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘काल रात्री काय जेवलीस?’ या प्रश्नाचे खरे उत्तर कधी कधी ‘काही नाही’ असे असते. वर्गात हा प्रश्न मोठ्याने विचारला, तर ती मुलगी वरण-भात-भाजी असे सांगून मोकळी होते. तक्ता सुंदर भरतो, आणि जिच्यासाठी हे सारे करायचे ती त्यातून गळून पडते. सर्वेक्षणाचा आकडा चुकला तर तो पुढच्या वर्षी सुधारता येतो. शाळेने आपल्याला सर्वांसमोर उघडे पाडले, असे एकदा मुलीला वाटले, तर ती पुढे चक्कर आली तरी सांगणार नाही.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनात ‘जनजागृतीची गरज आहे’ या ओळीच्या जागी मुलींनी स्वतः काढलेले एक खरे वाक्य असू द्या. ‘आमच्या वर्गात आठवड्यातून दोनदाच पालेभाजी मिळणाऱ्या मुली अमुक, मुलगे अमुक.’ किंवा ‘आमच्या शाळेची मधली सुट्टी डबा संपवायला पुरत नाही.’ असे वाक्य साधे असते, त्याला बक्षीस मिळेलच असे नाही. पण ते वाचून मुख्याध्यापकांना दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलता येते.